पाच पायऱ्यांची शिडी : आल्फ्रेड स्लोन

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा झाली, ती अनेकांच्या स्मरणात असेल. सर्वांसाठी एकच उत्तम आणि स्वस्त वस्तू बनवणे समाजाच्या हिताचे, की ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे व गरजेप्रमाणे निरनिराळ्या वस्तू बनवणे हिताचे, असा विषय होता. माझ्या वाट्याला दुसरी बाजू आली. विषय हाती पडताच मी घाबरून अर्थशास्त्राच्या सरांकडे धाव घेतली. सरांनी दोन नावे सांगितली. पहिल्या बाजूचा खरा वकील हेन्री फोर्ड आणि दुसऱ्या बाजूचा आल्फ्रेड स्लोन. फोर्ड हे नाव मला ठाऊक होते. स्लोन कोण, हे मात्र मुळीच ठाऊक नव्हते. आठ दिवसांत ग्रंथालयात मिळेल ते वाचले, जमेल तेवढे पाठ केले आणि व्यासपीठावर जाऊन जनरल मोटर्स कंपनीच्या या अध्यक्षांचे असे काही गुणगान केले की टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिकही मिळाले.

पण प्रश्नोत्तरांच्या वेळी प्रतिपक्षाच्या एका विद्यार्थिनीने मला एक साधा प्रश्न विचारला होता. वरच्या पायरीवरच्या ग्राहकाला जे मिळते, त्यातले नेमके काय खालच्या पायरीवरच्या ग्राहकाला मिळत नाही, असा तो प्रश्न. मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, की फक्त दिमाख मिळत नाही, बाकी सारे मिळते. सभागृह हसले, घंटा झाली, मी विजयी मुद्रेने खाली बसलो. त्या उत्तराची टोचणी मला नंतर लागली. स्पर्धा संपल्यावर, यावेळी पारितोषिकासाठी नव्हे तर कुतूहलापोटी, मी स्लोन यांच्याविषयी पुन्हा सावकाशीने वाचले. आणि माझे उत्तर चुकले होते हे मला कळून आले. ते कसे चुकले हे सांगायचे तर आधी त्या माणसाचे चरित्र सांगायला हवे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आल्फ्रेड प्रिचर्ड स्लोन यांचा जन्म २३ मे १८७५ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी झाला. वडील चहा-कॉफीचे घाऊक व्यापारी. मुलगा दहा वर्षांचा असताना हे कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनला राहायला आले. मुलगा अभ्यासात हुशार, अंगाने सडपातळ, स्वभावाने अबोल. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून त्याने १८९५ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने तीन वर्षांत संपवला आणि आपल्या वर्गात तो वयाने सर्वांत लहान होता.

पदवी मिळाली, पण नोकरी कुठे होती? अखेर न्यू जर्सीतल्या हयात रोलर बेअरिंग या लहानशा कारखान्यात महिना ५० डॉलरवर नकाशे काढण्याचे काम मिळाले. सेल्युलॉइडचे संशोधक म्हणून ज्यांचे नाव आहे, त्या जॉन वेस्ली हयात यांचा तो कारखाना. कारखान्याची अवस्था इतकी बिकट की आज बंद पडतो की उद्या, अशी धाकधूक. शेवटी आल्फ्रेडच्या वडिलांनी आणि त्यांच्या एका स्नेह्यांनी मिळून ५००० डॉलर घातले आणि तरुण आल्फ्रेडला कारभार करून पाहण्याची संधी दिली. सहा महिन्यांत कारखाना नफ्यात आला! त्याच सुमारास, १८९८ मध्ये, आयरीन जॅक्सन हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

मोटारगाडी तेव्हा नुकतीच जन्माला येत होती. गाडीच्या आसाला बेअरिंग लागते आणि बेअरिंग तर स्लोन यांच्याकडे होते. गिऱ्हाइके वाढू लागली. त्यांतले एक कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लेलँड. हे वृद्ध गृहस्थ अचूकतेच्या बाबतीत कमालीचे कडक. स्लोन यांचा माल मापात बसत नाही म्हणून त्यांनी या तरुण कारखानदाराला समोर बसवून चांगलेच खडसावले. एक हजार बेअरिंगे केली तर हजारच्या हजार सारखीच उतरली पाहिजेत, इंचाच्या हजाराव्या भागाइतकाही फरक चालणार नाही, हा धडा स्लोन यांना तेथे मिळाला आणि तो त्यांनी जन्मभर जपला. दुसरे आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोण म्हणाल, तर हेन्री फोर्ड! गंमत पाहा. ज्या दोन माणसांना आम्ही व्यासपीठावर एकमेकांविरुद्ध उभे केले, त्यांतल्या एकाची पहिली भरभराट दुसऱ्याच्या गाडीला बेअरिंगे पुरवून झाली होती.

भरभराटीतही एक काळजी होती. फोर्डने उद्या स्वतःच बेअरिंगे बनवायचे ठरवले तर? एवढा मोठा कारखाना मग कोणाच्या जिवावर चालणार? म्हणून १९१६ साली विल्यम ड्युरंट नावाच्या उद्योगपतीने मागणी घालताच स्लोन यांनी कारखाना १ कोटी ३५ लाख डॉलरला विकला. ड्युरंट यांनी सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचा एक संघ उभारला आणि त्याचे अध्यक्षपद स्लोन यांना दिले. १९१८ मध्ये हा संघ जनरल मोटर्समध्ये विलीन झाला. अशा रीतीने स्लोन त्या कंपनीत आले.

ही जनरल मोटर्स ड्युरंट यांनी १९०८ साली स्थापन केली. हा मोठा धाडसी माणूस. बाजारात एखादा मोटारीचा कारखाना दिसला की घेतला विकत! ब्युइक घेतला, ओल्ड्समोबिल घेतला, ओकलंड घेतला, कॅडिलॅक घेतला. १९१० मध्ये कर्जापायी कंपनी हातातून गेली, तर लुई शेव्हरोले या शर्यतपटूला हाताशी धरून १९११ मध्ये नवा मार्का काढला आणि त्याच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत मिळवली. पण घेतलेल्या कारखान्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. कोणाकडे किती पैसा आहे, किती माल पडून आहे, याचा पत्ता मुख्य कचेरीलाच नसे. स्लोन यांनी कारभाराची शिस्तशीर योजना लिहून ड्युरंट यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पाहिली, वाखाणली आणि बाजूला ठेवली. महायुद्धानंतर १९२० साली मंदी आली, गाड्या विकल्या जाईनात, शेअर कोसळू लागले. ते सावरण्याच्या खटपटीत ड्युरंट स्वतःच बुडाले आणि त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीतून कायमचे बाहेर पडले. द्यू पाँ घराण्यातले पिअर द्यू पाँ अध्यक्ष झाले आणि स्लोन त्यांचा उजवा हात.

आता खऱ्या वादाला सुरुवात होते. आमच्या स्पर्धेतला विषय १९२१ साली जनरल मोटर्सच्या कचेरीत अगदी प्रत्यक्षात उभा होता. कंपनीकडे त्यावेळी सात मार्के होते : शेव्हरोले, ओकलंड, ओल्ड्समोबिल, स्क्रिप्स-बूथ, शेरिडन, ब्युइक आणि कॅडिलॅक. त्यांतले पैसे मिळवणारे ब्युइक आणि कॅडिलॅक हे दोनच. मधले काही एकमेकांच्याच किमतीत विकले जात आणि एकमेकांचेच गिऱ्हाईक पळवत. आणि तळाला, जिथे खरा मोठा बाजार होता तिथे, फोर्डची मॉडेल टी एकटी राज्य करत होती. मोटारी व ट्रक मिळून संख्येने जो माल खपे, त्यातला सुमारे ६० टक्के एकट्या फोर्डचा. शेव्हरोलेचा अवघा ४ टक्के.

फोर्डची भूमिका सोपी आणि भव्य होती. १९०८ साली निघालेली ही एकच गाडी. तिच्यात दरवर्षी दिखाऊ बदल नाहीत. १९१४ पासून पुढे बारा वर्षे तर रंगही एकच, काळा. पण किंमत मात्र दरवर्षी उतरत गेली. सुरुवातीला साडेआठशे डॉलरच्या घरात असलेली गाडी १९२० नंतरच्या काही वर्षांत तीनशेच्या खाली आली. शेतकऱ्याला गाडी मिळाली, कामगाराला गाडी मिळाली. माझ्या प्रतिपक्षाने यावर बोट ठेवले ते योग्यच होते. समतेचा याहून मोठा पुरावा कोणता?

जनरल मोटर्सने बोलावलेल्या सल्लागारांनी सांगितले, की फोर्डशी स्पर्धा अशक्य आहे, सबब शेव्हरोले बंद करून टाकावी. स्लोन यांनी याला विरोध केला. शेव्हरोले ठेवली पाहिजे, पण तिला फोर्डच्या पुढ्यात नेऊन उभी करायची नाही, असे त्यांचे म्हणणे. मग करायचे काय? एका खास समितीकडून त्यांनी धोरण ठरवून घेतले. ४५० डॉलरपासून ३५०० डॉलरपर्यंतच्या बाजाराचे सहा भाग पाडायचे. प्रत्येक भागात कंपनीची एकच गाडी असेल, दोन नव्हेत. आणि ती त्या भागाच्या वरच्या टोकाला असेल. म्हणजे खालच्या गाडीचा गिऱ्हाईक म्हणेल, थोडे पैसे अधिक टाकले तर केवढी चांगली गाडी मिळते. आणि वरच्या गाडीचा गिऱ्हाईक म्हणेल, जवळजवळ तशीच गाडी बऱ्याच कमी पैशांत मिळते. दोन्हीकडून माणसे त्या पायरीवर यावीत, अशी ही रचना. स्क्रिप्स-बूथ आणि शेरिडन हे दोन मार्के मोडीत निघाले.

कागदावरची शिडी प्रत्यक्षात उभी करताना पहिलीच पायरी मोडली. कंपनीचे प्रतिभावान संशोधक चार्ल्स केटरिंग यांनी पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पात्यांचे इंजिन तयार केले होते. द्यू पाँ यांचा त्यावर भारी विश्वास. गाडी बाजारात आली आणि तक्रारींचा पाऊस पडला. १९२३ मध्ये बाजारात गेलेल्या अशा साऱ्या शेव्हरोले परत मागवाव्या लागल्या. केटरिंग यांचे मन मोडले, त्यांनी राजीनामा देऊ केला. त्याच वर्षी मे महिन्यात अध्यक्ष झालेल्या स्लोन यांनी त्यांना जाऊ दिले नाही. इंजिन फसले म्हणून माणूस फेकायचा नाही, एवढे तारतम्य त्यांच्याजवळ होते. पुढे हे दोघे जन्मभराचे सहकारी राहिले.

यानंतरची चार वर्षे म्हणजे स्लोन यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. त्यांनी चार गोष्टी हेरल्या. पहिली, हप्त्यांची सोय. कंपनीने १९१९ मध्येच गाडीसाठी कर्ज देणारी संस्था काढली होती; फोर्डला कर्ज काढून गाडी घेणे पसंत नव्हते. दुसरी, जुन्या गाडीच्या बदल्यात नवी. पहिली गाडी ज्याने वापरली आहे त्याला दुसरी थोडी बरी हवी असते. आणि ज्याला फक्त साधे वाहन हवे, तो जुन्या बाजारातली चांगली गाडी घेतो, मग नवी मॉडेल टी कशाला घेईल? तिसरी गोष्ट, बंद टपाची गाडी. १९१९ साली शंभरांत दहा गाड्या बंद टपाच्या होत्या, १९२७ पर्यंत पंचाऐंशी झाल्या. मॉडेल टीचा हलका सांगाडा मुळात उघड्या गाडीसाठी होता, त्याला हे ओझे झेपेना. आणि चौथी, दरवर्षी नवे मॉडेल. रंग आला, आकार आला. १९२७ मध्ये हार्ले अर्ल या कलावंताच्या हाताखाली गाड्यांच्या रूपाचा स्वतंत्र विभागच निघाला.

स्लोन कचेरीत बसून राहणारे नव्हते. रेल्वेच्या डब्यात कचेरी थाटून ते गावोगाव फिरत, दिवसाला पाच-दहा विक्रेत्यांच्या दुकानांत जात, काय खपते आणि काय पडून राहते ते विचारत. कानाने त्यांना कमी ऐकू येई, तरी ऐकण्याची त्यांची हौस मोठी. त्यांच्या सभेविषयी एक गोष्ट सांगतात. एखाद्या ठरावावर सर्वांचे तत्काळ एकमत झाले की ते विषय पुढच्या बैठकीवर ढकलत. मतभेद उत्पन्न व्हायला वेळ मिळाला म्हणजे निर्णय कशाविषयी आहे हे तरी समजेल, असा त्यांचा विचार. वादविवाद मंडळाच्या प्रत्येक सभासदाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे.

१९२६ मध्ये शेव्हरोले आणि ओल्ड्समोबिल यांच्यामधली मोकळी जागा भरण्यासाठी पाँटियाक निघाली. ती स्वस्तात पडावी म्हणून तिच्या टपाचे बरेचसे भाग शेव्हरोलेचेच घेतले होते. इंजिन मात्र निराळे, सहा सिलिंडरांचे. वाचकहो, ही बारीकशी गोष्ट लक्षात असू द्या. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे. २६ मे १९२७ रोजी दीड कोटी गाड्या बनवून फोर्डने मॉडेल टी थांबवली. नवी गाडी तयार होईपर्यंत कारखाना महिनोन्‌महिने बंद राहिला, हजारो कामगार घरी बसले. त्या वर्षी शेव्हरोले फोर्डच्या पुढे गेली. जिला सहा वर्षांपूर्वी बंद करायची होती, ती गाडी पहिली आली!

पुढल्याच वर्षी, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. बाहेरून सुटे भाग येत आणि येथे गाडी उभी राहे. स्वातंत्र्यानंतर सरकारने देशातच भाग बनवण्याचा आग्रह धरला, तेव्हा १९५४ मध्ये तो बंद झाला. जुन्या मुंबईच्या आठवणींत शेव्हरोले आणि ब्युइक ही नावे येतात, ती या कारखान्यामुळेच.

स्पर्धेच्या वेळी माझी तयारी येथवर होती. मी १९२७ वर थांबलो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या. पण चरित्र तेथे थांबत नाही.

१९२९ साली लॅमॉट द्यू पाँ यांनी स्लोन यांना सुचवले, की शेव्हरोलेला सुरक्षित काच बसवावी. साधी काच अपघातात फुटली की तिचे सुऱ्यांसारखे तुकडे होतात आणि चेहरा, मान चिरली जाते. दोन काचांच्या मध्ये पातळ पडदा चिकटवलेली काच फुटली तरी तुकडे उडत नाहीत. कॅडिलॅकला आणि तिच्या बरोबरीच्या ला साल गाडीला ही काच आधीच बसवलेली होती. स्लोन यांनी शेव्हरोलेसाठी नकार दिला. त्यांचे कारण हिशेबी होते. काचेमुळे गाडीचा खर्च वाढेल, आपण बसवली की प्रतिस्पर्धीही बसवतील, म्हणजे विक्री वाढणार नाही आणि नफा तेवढा कमी होईल. द्यू पाँ घराण्याचा हेतूही निव्वळ परोपकाराचा नव्हता, काचेमधल्या पडद्याचा धंदा त्यांचा होता, हे खरे. पण स्लोन यांनी दिलेले कारण ते नव्हे. भागधारकांचा नफा हे आपले काम, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या राज्यांनी कायदे केले, तेव्हा ही काच सर्व गाड्यांत आली.

आणि फोर्ड? मॉडेल टीनंतर त्याने जी मॉडेल ए काढली, त्या स्वस्त गाडीच्या पुढच्या बाजूला ही सुरक्षित काच पहिल्यापासून होती. प्रतिपक्षाच्या त्या विद्यार्थिनीला हे ठाऊक नसावे, नाहीतर तिने तेथेच मला गप्प केले असते. खालच्या पायरीवर फक्त दिमाख मिळत नाही, असे मी म्हटले होते. तिथे काचही मिळत नव्हती.

हे वाचले त्या दिवशी मी ग्रंथालयात बराच वेळ बसून राहिलो. ही गोष्ट केवळ शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेची आहे, असे म्हणून सुटता येईना. आपल्या देशात चालकापुढची एअरबॅग सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. तोवर एकाच नावाच्या गाडीच्या महागड्या प्रकारात ती असे आणि स्वस्त प्रकारात नसे. पायरी बदलली की रंग बदलावा, आसनाचे कापड बदलावे, इंजिनाची ताकद बदलावी. त्याला माझी आजही हरकत नाही. पण जिवाची किंमत पायरीप्रमाणे बदलावी काय?

स्लोन यांच्या आयुष्यातला दुसरा कठीण प्रसंग १९३६ च्या अखेरचा. फ्लिंट शहरातल्या कामगारांनी कारखान्यात ठिय्या मांडून संप केला. कामगार आत असेपर्यंत बोलणी करायची नाहीत, हा स्लोन यांचा हट्ट. चव्वेचाळीस दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, कंपनीला संघटनेशी करार करावा लागला. बाजारातल्या गिऱ्हाइकाचे म्हणणे गावोगाव फिरून ऐकणाऱ्या या माणसाला आपल्याच कारखान्यातल्या माणसाचे म्हणणे ऐकायला चव्वेचाळीस दिवस लागले, याचे नवल वाटते.

त्याच वर्षी ते संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या हयातीतच कंपनीने अमेरिकेतला निम्म्याच्या आसपास बाजार काबीज केला, आणि १९५५ साली एका वर्षात शंभर कोटी डॉलरचा निव्वळ नफा मिळवणारी ती पहिली कंपनी ठरली. मूलबाळ नव्हते. १९३४ मध्ये त्यांनी आपल्या नावाचा विश्वस्त निधी स्थापन केला. १९४५ मध्ये ४० लाख डॉलर देऊन न्यूयॉर्कला कर्करोगाच्या संशोधनासाठी संस्था काढली. तिला आपल्याबरोबर केटरिंग यांचेही नाव दिले. ज्यांचे इंजिन फसले होते तेच हे केटरिंग! १९५६ मध्ये पत्नीचे निधन झाले. आपल्या कारकिर्दीवरचा त्यांचा ग्रंथ कंपनीच्या वकिलांनी सरकारी खटल्याच्या भीतीने काही वर्षे अडवून धरला होता. अखेर तो प्रसिद्ध झाला आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांत गाजला. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

माणूस गेला, शिडीचे काय झाले? ही हकिकत मला पुस्तकाआधी गॅरेजमध्ये समजली. माझ्या काकांचे आमच्या गावी मोटार दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. सुटीत मी तिथे पाने-पकडी उचलून द्यायला असतो. एकदा एक शेव्हरोले स्पार्क दुरुस्तीला आली. काकांनी बॉनेट उघडले आणि हसून म्हणाले, की अरे, ही तर आपली जुनी मॅटिझ! नाव नवे, घराणे तेच. खरेच होते ते. मॅटिझ ही देवू या कोरियन कंपनीची गाडी. देवूचा मोटारींचा धंदा जनरल मोटर्सने २००२ मध्ये घेतला आणि मॅटिझच्या पुढच्या पिढीची गाडी २००७ मध्ये आपल्याकडे स्पार्क म्हणून आणली. गाडी वाईट नव्हती. पण शेव्हरोले या नावात शेव्हरोलेचे असे काय होते, हे काकांना सांगता येईना आणि मलाही.

हेच अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडले होते. पाँटियाकसाठी शेव्हरोलेचे भाग वापरले, तेव्हा दोन्ही गाड्यांत फरक राखण्याची काळजी स्लोन यांनी घेतली होती. नंतरच्यांनी भाग एकसारखे ठेवले आणि काळजी सोडली. १९७७ च्या सुमारास ओल्ड्समोबिलच्या गाड्यांत शेव्हरोलेची इंजिने निघाली आणि गिऱ्हाइके न्यायालयात गेली. १९८२ सालासाठी कॅडिलॅकने सिमरॉन नावाची गाडी काढली. शेव्हरोलेच्या कॅव्हेलिअरला कातडी आसने आणि कॅडिलॅकचे चिन्ह लावून ती कितीतरी अधिक किमतीला विकायला ठेवली होती. लोकांना हे समजायला वेळ लागला नाही. १९८८ मध्ये ती बंद झाली. शिवाय १९९० मध्ये सॅटर्न नावाचा आणखी एक मार्का बाजारात आला. स्लोन यांनी सातांचे पाच केले होते. वारसदारांनी पुन्हा गर्दी केली. २००४ मध्ये ओल्ड्समोबिल संपली. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. पाठोपाठ पाँटियाक आणि सॅटर्न गेल्या. अमेरिकेत शेव्हरोले, ब्युइक, जीएमसी आणि कॅडिलॅक एवढेच चार मार्के राहिले. ब्युइक वाचली, याचे एक मोठे कारण चीनमधला तिचा खप. आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस कंपनीने गाड्यांची विक्री थांबवली आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावच्या कारखान्यातले उत्पादनही बंद झाले.

मग वाद कोणी जिंकला, फोर्डने की स्लोनने? मला आता असे वाटते, की एकच गाडी सर्वांना, हे फोर्डचे म्हणणे माणसाच्या बदलत्या गरजांपुढे टिकले नाही, आणि १९२७ मध्ये फोर्डलाही ते मान्य करावे लागले. शिडीची कल्पना टिकली, पण दोन अटींवर. प्रत्येक पायरीत खरा फरक हवा, नुसते नाव नको. ही अट वारसदारांनी मोडली आणि कंपनीला त्याची किंमत द्यावी लागली. दुसरी अट, सर्वांत खालच्या पायरीवरही माणसाचा जीव सुरक्षित हवा. ही मात्र खुद्द स्लोन यांनीच मोडली, आणि त्याची किंमत कंपनीने नव्हे, तर ज्यांची नावे कोणत्याही चरित्रात नाहीत अशा शेव्हरोलेच्या ग्राहकांनी दिली.

त्या स्पर्धेचे पारितोषिक मी परत केलेले नाही. ते घरी कपाटात आहे. परंतु वार्षिकांक एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जातात. त्या विद्यार्थिनीच्या वाचनात हा अंक आला, तर तिच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर तिने रद्द समजावे आणि वरचे उत्तर जमेस धरावे, एवढीच विनंती.